गिऱ्हाईकाचा हात कुठे थांबतो?

दसरा तोंडावर आला की धारूर, अंबाजोगाईच्या डोंगरात सीताफळाची तोड सुरू होते. कुठलं फळ आज उतरवायचं आणि कुठलं दोन दिवस राखायचं, हे ठरवायला तोडणाऱ्या बायांकडे कसलंही यंत्र नसतं. खवल्यांमधल्या फटी रुंदावल्या, त्यांत फिकट पिवळसर रंग दिसू लागला की ‘डोळे उघडले’ म्हणायचं आणि फळ पाटीत टाकायचं. डोळे मिटलेलं फळ उतरवलं तर अढीत घालूनही ते नीट पिकत नाही, कडक राहून काळं पडतं. जास्त राखलं तर झाडावरच उकलतं आणि पाखरांचं होतं. एका फळावर नजर टाकायला दोन सेकंद पुरतात. त्या दोन सेकंदांच्या मागे वीस-पंचवीस हंगाम उभे असतात.

बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचं सीताफळ संशोधन केंद्र अंबाजोगाईत आहे. फळाची पारख या जिल्ह्याला नवी नाही. गिऱ्हाईकाची पारख मात्र, नवा धंदा काढायची वेळ आली की, छापील फॉर्मवर सोपवली जाते. चटणी असो, रबडी असो, सीताफळाचा गर असो, आधी शंभर प्रश्नावल्या भरून घ्यायच्या, टक्के काढायचे आणि अहवालाला जोडायचे. कर्जप्रकरणाला अहवाल लागतो, तो करावाच. पण तेच टक्के खरे धरून कोणी यंत्रसामग्री घेतली आणि माल काढला, की फसगत सुरू होते. जिल्ह्यातल्या अनेक उमेदीच्या उद्योगांची पहिली दोन वर्षं अशीच वाया जातात. त्यातली बरीचशी वाचवता येण्यासारखी आहेत.

कागदावरचं उत्तर का चुकतं? लोक लबाड असतात म्हणून नव्हे. आपल्याकडे दारात आलेल्या माणसाला आधी पाणी देतात, मग चहाचं विचारतात, आणि त्याच्या हातातल्या वस्तूला तोंडावर नावं ठेवत नाहीत. बचत गटातल्या ताईने नव्या चटणीचा चमचा पुढे केला की “चांगली झालीय की” हेच ऐकायला मिळणार. बाजारात आली तर घ्याल का, असं विचारलं की “घेऊ की, न घ्यायला काय झालं!” या उत्तरात ताईचं मन राखलेलं असतं. चटणीबद्दल त्यात काहीच नसतं. फॉर्मवर मात्र ‘होय’ या चौकटीत खूण होते, आणि अशा ऐंशी-नव्वद खुणा जमल्या की मागणी सिद्ध झाली असं वाटू लागतं.

दुसरं कारण वेळेचं. बीड जिल्ह्यातली लाखो माणसं ऊसतोडीला जातात. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात, त्या पश्चिम महाराष्ट्रातले आणि कर्नाटकातले कारखाने बंद झाल्यावर उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. पाटोदा, शिरूर, वडवणी, धारूर, केज या तालुक्यांतल्या कितीतरी वस्त्यांवर जानेवारीत घरांना कुलपं असतात. ओसरीवर म्हातारी माणसं आणि मागे ठेवलेली लहान पोरं. त्या महिन्यात कोणी पाहणी करायला गेलं तर फॉर्म भरले जातील, संख्या पुरी होईल आणि गणितही बरोबर येईल. पण ज्यांच्या हातात खरेदी असते ते त्या वेळी फडात असतात. अशी पाहणी काटेकोर असूनही आंधळी असते.

या चुका मोठ्यामोठ्यांनीही केल्या आहेत. १९८५ साली कोकाकोलाने आपल्या पेयाची चव बदलली. त्याआधी सुमारे दोन लाख लोकांना नाव न सांगता दोन्ही चवी देऊन पाहिल्या होत्या आणि नवी चव जास्त लोकांना आवडली होती. एवढी मोठी चाचणी धंद्याच्या इतिहासात क्वचितच झाली असेल. नवं पेय बाजारात आलं आणि लोक चिडले. ७९ दिवसांत कंपनीला जुनं पेय परत आणावं लागलं. चाचणी एका घोटाची होती. तुमची सवयीची चव कायमची काढून घेतली तर तुम्हाला कसं वाटेल, हे त्या घोटात विचारलं गेलं नव्हतं. घोटाचं मोजमाप अचूक होतं, पण माणूस त्या चवीशी किती वर्षं बांधला गेलाय हे त्या पेल्यात मावणारं नव्हतं.

याच्या नेमकं उलट जपानात सहा वर्षं आधी घडलं. सोनी कंपनीचे मासारू इबुका यांना विमानप्रवासात गाणी ऐकायला सुटसुटीत काहीतरी हवं होतं. सहकारी अकिओ मोरिता यांनी ती कल्पना उचलून धरली. ज्यात ध्वनिमुद्रण करता येत नाही असा टेपरेकॉर्डर कोण घेणार, ही शंका कंपनीतल्याच लोकांना होती. ग्राहकाला विचारलं असतं तर त्यानेही तेच म्हटलं असतं, कारण चालता चालता स्वतःपुरती गाणी ऐकायची सवय तोवर कोणाला नव्हतीच. मोरितांनी पाहणीवर भिस्त ठेवली नाही. तरुण मुलं दिवसभर संगीत कानाशी कशी बाळगतात, खांद्यावर जड टेपरेकॉर्डर घेऊन कशी हिंडतात, हे त्यांनी पाहिलं होतं. जुलै १९७९ मध्ये वॉकमन बाजारात आला आणि सुरुवातीचे तीस हजार नग ऑगस्ट संपेपर्यंत खपले.

आपल्याकडेही १९०३ साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात लोखंडी नांगर बनवला, तेव्हा लोखंडाने जमिनीला विष बाधतं असा समज शेतकऱ्यांत होता. पहिले नांगर विकायला त्यांना दोन वर्षं लागली. मागणी आहे का, असा प्रश्न विचारून ते थांबले असते तर उत्तर म्हणून ठाम नकारच आला असता. लाकडी नांगर काळ्या जमिनीत किती वर फिरतो आणि बैलांचा किती दम काढतो, हे त्यांना दिसत होतं. शेतकरी जे बोलत होता त्यापेक्षा शेतात जे चाललं होतं ते जास्त खरं, या खात्रीवर ते तग धरून राहिले.

मात्र अशी उदाहरणं वाचून ‘मला आतून वाटलं, म्हणून केलं’ एवढ्यावर धंदा काढणाऱ्यांनी जरा थांबावं. बीडच्या शेजारीच घडलेली एक गोष्ट त्यासाठी समजून घेण्यासारखी आहे.

गोदरेज अँड बॉइस कंपनीला गावाकडच्या घरांसाठी फ्रिज करायचा होता. २००८ च्या सुमारास देशातल्या बहुसंख्य घरांत फ्रिज नव्हता. नेहमीचाच फ्रिज छोटा आणि स्वस्त करून विकायचा, हा सोपा विचार कंपनीने केला होता. मग तिची माणसं खेड्यांत गेली, घरांत बसली, स्वयंपाकघरं पाहिली. तिथे दिसलं ते असं. भाजी त्या त्या दिवशी आणली जाते, आठवड्याची भरून ठेवली जात नाही. गार पाणी हवं असतं, दूध नासू नये असं वाटतं, रात्रीची उरलेली भाजी सकाळपर्यंत टिकली तरी खूप. घर एका-दोन खोल्यांचं, जागा बदलत राहणारं. आणि वीज जाते, ती कधी येईल याचा नेम नाही.

यातून जे यंत्र उभं राहिलं ते फ्रिजसारखं दिसतच नव्हतं. कॉम्प्रेसर काढून टाकला, त्या जागी विजेच्या चिपवर चालणारी थंड करण्याची सोय केली. वजन आठ किलोच्या आत, बाईमाणसाला एकटीने उचलता येईल इतकं. बारा व्होल्टच्या बॅटरीवरही चालणारं. दार पुढे न ठेवता झाकण वर ठेवलं, म्हणजे उघडल्यावर गार हवा सांडत नाही. नमुना तयार झाला तेव्हा कंपनीने तो उस्मानाबादेत, म्हणजे आजच्या धाराशिवमध्ये, सहाशेहून अधिक बायांपुढे मांडला आणि बनवण्यात त्यांनाच सामील करून घेतलं. रंगही त्यांनी निवडला, लालभडक. ‘छोटूकूल’ हे त्याचं नाव. किंमत सव्वातीन हजारांच्या आसपास. विक्रीसाठी टपाल खात्याचीही मदत घेतली गेली. जगभरच्या व्यवस्थापन संस्थांत या फ्रिजचे धडे शिकवले गेले.

एवढं सगळं बारकाईने पाहूनही ज्या घरांसाठी तो बनवला त्या घरांत तो अपेक्षेइतका गेला नाही. त्याला जास्त गिऱ्हाईक शहरात मिळालं. मोटारीतून प्रवास करणारे, छोटे दुकानदार, ज्यांना खोलीत जादा थंड पेटी हवी असे लोक तो घेऊ लागले. कंपनीनेही पुढे तो त्या अंगाने विकला.

असं का झालं, याची कारणं अनेक सांगितली जातात. मराठवाड्यातलं घर ज्याने आतून पाहिलंय त्याला एक चटकन उमगेल. आपल्याकडे फ्रिज बहुतेक वेळा स्वयंपाकघरात नसतो, तो बाहेरच्या खोलीत, आल्या-गेल्याला दिसेल असा ठेवलेला असतो. त्यावर क्रोशाचा रुमाल असतो, फुलदाणी असते, पोरांची शाळेत मिळालेली ढाल असते. लेकीच्या लग्नात संसार मांडून देताना कपाट, कूलर, फ्रिज ओळीने उभे केले जातात आणि वऱ्हाड ते बघून जातं. पाणी गार करणं हे फ्रिजचं एक काम. घर चार माणसांच्या बरोबरीला आलं हे न बोलता सांगणं, हे दुसरं. झाकण वर असलेली लाल पेटी पहिलं काम चोख करत होती, पण लग्नाच्या मांडवात ती उभी राहू शकत नव्हती. थोडे पैसे अजून साठवले की खरा, उभा फ्रिज येतो, जुना का असेना, हा हिशेब घराघरात झाला असणार.

टाटांच्या नॅनोचंही काहीसं असंच झालं. पावसात स्कूटरवर दाटीवाटीने बसून चाललेलं कुटुंब रतन टाटांनी पाहिलं आणि त्यांना गाडी सुचली, ती नजर अस्सल होती. २००९ मध्ये गाडी रस्त्यावर आली, पण ‘सगळ्यात स्वस्त’ हा शिक्का तिला नडला, हे टाटांनी स्वतः नंतर कबूल केलं. म्हणजे त्यांनी जे पाहिलं ते खोटं नव्हतं. अर्धं होतं. अडचण दिसली, हौस दिसली नाही. नवा माल काढणाऱ्याने हा धडा गाठीला बांधावा: गिऱ्हाईकाची गरज पाहताना त्याची ऐट, लाज, मान-पानही त्याच नजरेने पाहायला हवं. फॉर्ममध्ये या गोष्टींसाठी रकाना नसतो आणि असला तरी तो कोणी खरा भरत नाही.

हे पाहायचं कुठे आणि कसं? जिल्ह्यात त्यासाठी फार चांगली शाळा आहे, आठवडी बाजार. उद्योग काढू पाहणाऱ्याने निदान तीन-चार बाजार काहीही न विकता बसावं. नेकनूरसारखा मोठा बाजार निवडावा, आपल्या मालासारखा माल विकणाऱ्याच्या शेजारी जागा बघावी आणि फक्त हात पाहावेत.

चटणीचीच गोष्ट घ्या. कारळाची, जवसाची, शेंगदाण्याची पाकिटं मांडलेली असतात. बाई येते, पाकीट उचलते. अंगठ्याने दाबते, चटणी सुटी आहे की तेलाने धरली आहे हे तिला बोटाला कळतं. मग पाकीट नाकाशी नेते, बंद असलं तरी. उजेडात धरून रंग बघते. कागदी खोक्यातला माल, कितीही देखणा असला तरी, ती उचलून परत ठेवते, कारण आतलं दिसत नाही. मागे छापलेली पौष्टिकतेची माहिती वाचली जात नाही, पण बनवल्याची तारीख शेजारच्या पोराकडून वाचून घेतली जाते. आणि भाव विचारायच्या आधी एक प्रश्न येतो, “कुठली हाय?” गावाचं नाव ऐकल्यावर तिच्या चेहऱ्यावर जो बदल होतो, तो कोणत्याही जाहिरातीपेक्षा जास्त सांगून जातो. ज्या उद्योजकाने हे वीस वेळा पाहिलंय तो पारदर्शक पाकीट निवडेल, गावाचं नाव मोठ्या अक्षरात टाकेल आणि सोनेरी खोक्याचा खर्च वाचवेल.

जवळ एक वही ठेवावी. पानाच्या मधोमध रेघ मारावी. एका बाजूला माणूस काय बोलला ते, दुसऱ्या बाजूला त्याने काय केलं ते. जिथे दोन्ही बाजू जुळत नाहीत तिथे बोट ठेवून थांबावं. “महाग आहे” म्हणून गेलेली बाई पुढच्या ठेल्यावर त्याच भावात दुसरं काही घेते, याचा अर्थ पैसे होते, भरवसा नव्हता. “पुढच्या बाजारी नेते” असं म्हणणारी पुढच्या बाजारी येते का, हे ज्याने पाहिलं त्याला पाहणीचे टक्के वाचायची गरज उरत नाही.

बाजारानंतर घर. आपला माल महिन्याभराने गिऱ्हाईकाच्या घरात कुठे असतो, हे बहुतेक उद्योजकांनी कधी पाहिलेलंच नसतं. मसाल्याचं पाकीट फोडून बरणीत ओतलं गेलं का? तसंच ठेवून त्याला रबर लावलं का? कोपरा दाताने फाडला का? पापड फडताळात वरच्या फळीवर सणासाठी राखून ठेवलेत की रोजच्या डब्याशेजारी आहेत? माणूस वस्तूमध्ये स्वतःच्या सोयीने जो फेरफार करतो, तीच खरी सूचना असते. मुंबईत सत्यप्रकाश माथुर या अभियंत्याच्या घरात परदेशी बनावटीचा मिक्सर होता; इडली-डोशाचं पीठ आणि ओला मसाला वाटताना त्याची मोटर जळाली. परदेशी यंत्र फळांचे रस आणि केकचं पीठ यांसाठी बनलेलं, आपल्या घरात त्याला पाट्या-वरवंट्याचं काम लागलेलं. त्यातून साठच्या दशकात ‘सुमीत’ मिक्सर जन्माला आला आणि मराठी घरांत मिक्सरला ‘सुमीत’च म्हणायचा काळ आला. त्याची सुरुवात एका जळलेल्या मोटरीपासून झाली.

विचारायचंच असेल तर प्रश्न मागचा विचारावा, पुढचा विचारू नये. “घ्याल का?” याचं उत्तर सौजन्याचं येतं. “मागच्या वेळी चटणी कधी आणली, कुठून, किती, संपल्यावर काय केलं?” याचं उत्तर आठवून द्यावं लागतं, म्हणून ते खरं येतं. आणि सगळ्यात जास्त शिकवतात ते तक्रार करणारे. माल परत घेऊन येणाऱ्या गिऱ्हाईकाला बसायला सांगावं, चहा द्यावा, ऐकून घ्यावं.

ऊसतोड कामगारांकडे या नजरेने पाहिलं तर जिल्ह्यातल्या जिल्ह्यात किती काम पडलंय ते दिसतं. एक जोडपं म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून उचल मिळते ती निघण्याआधी, आणि सहा महिन्यांच्या संसाराची बांधाबांध त्याच आठ-पंधरा दिवसांत होते: ताडपत्री, बॅटरी, पीठ, तिखट, पोरांचे स्वेटर. फडावर कोपीत राहायचं, पहाटे अंधारात बाईने आधी उठून भाकरी थापायची, मग दोघांनी ऊस तोडायला जायचं, मोळ्या बांधायच्या, रात्री-अपरात्री वाहन आलं की भरून द्यायचं. तिच्या दिवसात कालवण शिजवायला वेळ नाही. तिला लागते ती कोरडी, महिनोन्‌महिने टिकणारी, ओल्या हातालाही उघडता येणारी, पाचटातल्या धुळीपासून आणि उंदरांपासून वाचणारी चटणी. पावशेराच्या देखण्या पाकिटात तिचं भागत नाही. दोन-तीन किलोचा घट्ट झाकणाचा डबा, जो रिकामा झाला की पाण्याला किंवा पिठाला वापरता येईल, तो ती उचलेल असा अंदाज बांधता येतो. हा अंदाज खरा की खोटा हे निघण्याच्या हंगामात, मोजके डबे घेऊन, गाड्या भरतात त्या ठिकाणी उभं राहूनच कळेल. इथेही पुन्हा तो मानाचा प्रश्न आहेच: तिला तो डबा ‘मजुरांचा’ म्हणून दिसला तर ती हात लावणार नाही. गावात राहणारी जाऊ जी चटणी घेते तीच आपणही घेतोय, असं तिला वाटलं पाहिजे, आणि तो तिचा हक्क आहे.

सीताफळाच्या बाबतीत ही नजर काय करू शकते याची उदाहरणं तर समोरच आहेत. मुंबईत १९८४ साली रघुनंदन कामत यांनी जुहूला ‘नॅचरल्स’ हे आइस्क्रीमचं दुकान काढलं. मंगळूरकडचे, फळं विकणाऱ्या बापाचे ते चिरंजीव. पिकलेलं फळ हाताने ओळखायचं लहानपणापासून शिकलेले. नुसतं आइस्क्रीम खायला लोक येतील का, ही शंका होती, म्हणून त्यांनी आधी तिखट पावभाजी ठेवली. तोंड पोळलं की माणूस गारव्याकडे वळतो. आइस्क्रीमची चटक लागल्यावर पावभाजी बंद केली. सुरुवातीच्या चवींत सीताफळ होतं. त्या काळी बाजारात आइस्क्रीम म्हणजे व्हॅनिला, स्ट्रॉबेरी, पिस्ता. सीताफळ म्हणजे पाटीतलं, बिया थुंकत खायचं फळ. आवडतं सगळ्यांना, पण बिया काढत बसायचा कंटाळा, हे त्यांनी ओळखलं. शहरातल्या माणसाने कुठल्याही पाहणीत ‘मला सीताफळाचं आइस्क्रीम हवंय’ असं लिहून दिलं नसतं.

सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शी तालुक्यात, गोरमाळ्याच्या नवनाथ कसपटे यांनी हेच काम झाडाच्या अंगाने केलं. खाणाऱ्याची कुरकूर बियांची, व्यापाऱ्याची कुरकूर फळ टिकत नाही याची. वर्षानुवर्षं आपल्याच बागेतली झाडं न्याहाळत त्यांनी कमी बियांचं आणि जास्त टिकणारं ‘एनएमके-१ गोल्डन’ हे वाण पुढे आणलं. आज महाराष्ट्राबाहेरही ते लावलं जातं.

अर्थात जिथे तपासणी लागते तिथे ती लागतेच, तिथे मनाच्या कौलाला जागा नाही. सीताफळाचा गर जास्त तापवला की कडवट होतो, हवेत उघडा राहिला की काळवंडतो. बिया विषारी असतात; गर काढताना त्या फुटता कामा नयेत. किती तापमानाला गोठवायचा, किती दिवस टिकेल, जंतू किती, हे प्रयोगशाळेतच ठरवावं आणि अन्नसुरक्षेची नोंदणी पहिल्या दिवसापासून असावी. खाणाऱ्याच्या जिवाशी संबंध असलेली प्रत्येक गोष्ट मोजून घ्यायची. पाकीट केवढं, नाव काय, विकायचं कुठे, कधी, कोणत्या रूपात, हे मात्र पाहून ठरवायचं. दोन्हींची सरमिसळ केली की चुकीच्या गोष्टी मोजल्या जातात आणि मोजायच्या गोष्टी अंदाजावर सोडल्या जातात. लहान उद्योगांत हे दुर्दैवाने नेहमी घडताना दिसतं: रंगाबद्दल शंभर जणांचं मत घेतलेलं असतं आणि टिकाऊपणाबद्दल एकदाही नमुना तपासायला पाठवलेला नसतो.

अंदाज बांधला की तो वहीत तारीख घालून लिहावा: मला असं वाटतं, अमुक पाहिलं म्हणून वाटतं, आणि असं झालं नाही तर मी चुकलो असं मानेन. हे लिहिलं नाही तर माणूस मागाहून स्वतःचीच समजूत घालतो, आपलं बरोबरच होतं असं म्हणतो. सहा महिन्यांनी ती पानं उघडावीत. कोणत्या बाबतीत आपली नजर खरी ठरते आणि कोणत्या बाबतीत आपण आपलीच आवड गिऱ्हाईकाच्या ताटात वाढतो, हे तिथे दिसतं. शहरात दहा वर्षं राहून गावाकडे परतलेल्या तरुणांनी तर हे आवर्जून करावं. गाव आपल्या आठवणीतलं असतं, बाजार आजचा असतो.

मग थोडा माल घेऊन उतरावं. वीस-तीस पाकिटं, पूर्ण भावाने; ओळखीच्यांना नाही, नातेवाइकांना तर नाहीच. मावशीने घेतलेली पाच पाकिटं विक्रीत धरू नयेत. फुकट चव देणं वेगळं. पैसे मोजून नेलेलं पाकीटच खरं बोलतं. त्यातही पहिली खरेदी नवलाईची असते. म्हणून त्याच बाजारात, त्याच जागेवर, सलग चार आठवडे बसावं आणि परत आलेले चेहरे मोजावेत. तीस पाकिटं पहिल्या दिवशी संपली आणि कोणी फिरून आलं नाही, तर खुश होऊ नये. दहाच गेली, पण त्यांतल्या सहा जणी पुन्हा आल्या आणि एकीने शेजारणीला सोबत आणलं, तर पाकिटाचा आकार, भाव, जागा यांत एकेक बदल करत पुढे जावं. सगळं एकदम बदललं तर कशाने फरक पडला ते कळत नाही.

बचत गटांना यात एक मोठा फायदा आहे आणि तो वापरला जात नाही. गटातल्या दहा-बारा बाया दहा-बारा घरांत, वेगवेगळ्या गल्ल्यांत वावरतात, लग्नाकार्याला जातात, पंगतीत वाढतात. पंगतीत कोणत्या वाढीला पान झाकलं जातं आणि कोणत्या वाढीला पुढे सरकवलं जातं, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत नाही. महिन्याच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की अर्धा तास यासाठी काढावा: या महिन्यात कोणाच्या घरी काय नवीन पाहिलं, कोणी काय फेकून दिलं, कोणी दुकानात काय मागितलं आणि ते मिळालं नाही. अध्यक्षबाईंनी मत देऊ नये, फक्त वहीत लिहून घ्यावं. प्रशिक्षणाला आलेल्या पाहुण्यांपेक्षा या अर्ध्या तासात जास्त हाती लागेल. नव्या मालाची पहिली कल्पना गटाबाहेरच्या सल्लागाराकडे मागण्याआधी अशा सहा बैठका तरी झालेल्या असाव्यात.

यंदा ज्यांना सीताफळाचं काही करायचं आहे त्यांनी भाद्रपदापासूनच वही घेऊन बाजारात बसायला लागावं. पाटी उतरली की बायका आधी कोणतं फळ उचलतात, कोणतं दाबून खाली ठेवतात, पोरासाठी वेगळं निवडतात का, घरी नेईपर्यंत ते पिशवीत वर ठेवतात की तळाशी. आणि दिवस कलल्यावर पाटीच्या बुडाशी जी अति पिकलेली, कोणी न घेतलेली फळं उरतात, ती विकणारी बाई कोणाला देते, किती पैशाला देते आणि तो माणूस त्यांचं काय करतो, ते विचारून घ्यावं.